जुनी छोटी कॅराव्हॅन गोव्यात दुरुस्त करताना आणि सांभाळताना

मोटारीच्या मागे जोडून न्यायची, दोघा-तिघांच्या झोपण्याची आणि थोड्याफार स्वयंपाकाची सोय असलेली जुनी कॅराव्हॅन स्वस्तात मिळते आहे असे कळले, की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर प्रथम नवे पडदे आणि नव्या गाद्या येतात. गोव्यात हा क्रम उलटा धरावा लागतो. पणजीसारख्या ठिकाणी वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, किनाऱ्यालगतच्या हवेत मीठ असते, आणि ज्या देशांत या गाड्या तयार झाल्या तेथे वाळवी ही घरोघरची चिंता नव्हती. त्यामुळे आधी कागद, मग पाणी, मग चाके, मग वीज आणि गॅस, आणि सर्वांत शेवटी सजावट, या क्रमानेच हा लेख लिहिला आहे. मधली पायरी गाळली तर पुढचे काम बहुधा पुन्हा उचकटावे लागते.

१. पैसे देण्यापूर्वी कागद पाहा

कॅराव्हॅनला इंजिन नसते, म्हणून तिला नोंदणी लागत नाही असे विकणारा सांगेल. ते खरे नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ६१ नुसार नोंदणीच्या तरतुदी ट्रेलरलाही लागू होतात, आणि ओढली जाणारी कॅराव्हॅन कायद्याच्या दृष्टीने ट्रेलरच असते. पाहायचे आणि जमवायचे कागद असे:

- ट्रेलरचे स्वतःचे नोंदणीपत्र (ओढणाऱ्या मोटारीचे नव्हे)
- विक्रीचा करार आणि विकणाऱ्याचे ओळखपत्र
- मालकी बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि फॉर्म ३०
- गाडी परराज्यातील असल्यास तेथील आरटीओचे ना हरकत प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म २८
- विम्याची कागदपत्रे
- गाडी परदेशातून आलेली असल्यास सीमाशुल्क भरल्याची बिल ऑफ एंट्री
- चॅसी नंबरची पेन्सिलने घेतलेली छाप

शेवटची नोंद क्षुल्लक वाटते, पण पुढे तीच अडवते. जुन्या ट्रेलरवर चॅसी नंबर बहुधा पुढच्या दांड्यावर ठोकलेला असतो किंवा रिव्हेट केलेल्या पट्टीवर असतो. गंज काढणारा कारागीर ग्राइंडर घेऊन बसला की नंबर पाच मिनिटांत पुसून जातो आणि तपासणीच्या दिवशी दाखवायला काहीच उरत नाही. म्हणून व्यवहार ठरण्यापूर्वीच नंबरवर कागद धरून पेन्सिल घासून छाप घ्या, छायाचित्र काढा आणि काम चालू असताना त्या जागेवर मास्किंग टेप लावून ठेवा.

आणखी दोन सापळे आहेत. परदेशी प्रवाशाने कार्नेवर, म्हणजे तात्पुरत्या आयातीच्या कागदांवर, आणलेले वाहन सीमाशुल्काचा प्रश्न मिटल्याशिवाय येथे विकता येत नाही. ‘नंतर करून देतो’ या आश्वासनावर पैसे देऊ नका. दुसरे म्हणजे, २०२१ मध्ये केंद्र सरकारने ५० वर्षांहून जुन्या विंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणीचे नियम आणले असले, तरी ते दुचाकी आणि चारचाकी मोटारींसाठी आहेत. ‘ही विंटेज आहे, सूट मिळेल’ हे वाक्य ट्रेलरच्या बाबतीत निरर्थक आहे. कागद नसलेली कॅराव्हॅन कितीही देखणी असली तरी ती अंगणातच उभी राहणार, हे गृहीत धरून किंमत ठरवा किंवा ती सोडून द्या. माझे मत विचाराल तर सोडून द्या.

खरेदीच्या वेळीच दार कोणत्या बाजूला आहे तेही पाहा. ब्रिटिश बनावटीच्या गाड्यांचे दार सहसा डावीकडे असते आणि ते आपल्याकडे रस्त्याच्या कडेला उघडते. युरोपातील इतर देशांच्या गाड्यांचे दार सहसा उजवीकडे असते, म्हणजे आपल्याकडे ते थेट वाहतुकीत उघडते. मोकळ्या आवारात याने काही बिघडत नाही, पण मुले असतील तर विचार करा.

२. तुमची मोटार ती ओढू शकेल का

आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या अनेक मोटारींच्या पुस्तिकेत किती वजन ओढता येईल याचा आकडाच दिलेला नसतो, आणि काहींत ट्रेलर ओढू नये असे स्पष्ट लिहिलेले असते. आधी पुस्तिका वाचा. मोटारीला मागे टो-बार, म्हणजे ट्रेलर जोडायचा दांडा, बसवणे हा वाहनातील बदल ठरू शकतो, म्हणून आरटीओ आणि विमा कंपनी या दोघांकडूनही लेखी उत्तर घ्या. तोंडी होकार अपघातानंतर उपयोगी पडत नाही.

भरलेल्या कॅराव्हॅनचे वजन मोटारीच्या रिकाम्या वजनाच्या ८५ टक्क्यांपेक्षा अधिक नसावे, असा सल्ला नव्या चालकांना ब्रिटनमध्ये दिला जातो, आणि आपल्या घाटांचा विचार करता तो पाळण्यासारखाच आहे. जोडणीच्या टोकावर पडणारा भार एकूण वजनाच्या सुमारे ५ ते ७ टक्के असावा. तो फार कमी झाला, म्हणजे सामान मागच्या बाजूला भरले गेले, की वेग वाढताच गाडी शेपटीसारखी डोलू लागते.

जोडणीचा गोळा मोजल्याशिवाय कधीही जोडू नका. युरोपीय गोळा ५० मिलिमीटरचा असतो आणि जुन्या ब्रिटिश गाड्यांची जोडणी २ इंचांची, म्हणजे ५०.८ मिलिमीटरची असते. डोळ्यांना हा फरक दिसत नाही. मात्र २ इंचांची जोडणी ५० मिलिमीटरच्या गोळ्यावर सैल बसते आणि खड्ड्यात उसळून सुटू शकते. व्हर्नियर कॅलिपरने दोन्ही मोजा, आणि शंका असल्यास गोळा व जोडणी एकत्रच बदला.

३. ओल कुठून शिरली आहे ते शोधा

१९६० ते १९८० च्या दशकांतील बहुतेक छोट्या गाड्यांची रचना सारखीच असते: हलक्या मऊ लाकडाच्या पट्ट्यांचा सांगाडा, बाहेरून ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा, आतून पातळ प्लायवुड, आणि मध्ये थर्माकोल किंवा काचेच्या लोकरीचा थर. एरिबासारख्या काही गाड्यांत सांगाडा लोखंडी नळ्यांचा असतो. तेथे कुजण्याऐवजी गंज शोधावा लागतो.

पाणी आतल्या बाजूला जेथे दिसते तेथून ते क्वचितच शिरलेले असते. छताची खिडकी, कोपऱ्यांवरच्या पट्ट्या, तंबू अडकवण्याची बाजूची पट्टी, खिडक्यांच्या वरच्या कडा आणि बाहेरचे दिवे, या पाच जागा आधी तपासा. बाहेरून होजपाइपने साधे पाणी सोडा, खालून सुरुवात करून हळूहळू वर जा, आणि आत एका माणसाला टॉर्च घेऊन बसवा. गाड्या धुण्याचा जोरदार फवारा सांध्यांवर मारू नका. त्याने नसलेली गळतीही तयार होते.

लाकडातील ओल मोजणारा दोन सुयांचा मीटर फार महाग नसतो आणि तो घ्याच. मात्र त्याचे आकडे गोव्याच्या हवेप्रमाणे वाचावे लागतात. परदेशी पुस्तिकांत २० टक्क्यांवरील आकडा धोक्याचा मानतात. आपल्याकडे जुलै महिन्यात घरातले चांगले लाकूडही त्या आकड्याच्या आसपास जाते. म्हणून शक्यतो फेब्रुवारी-मार्चमध्ये मोजा, आणि एकाच भिंतीवरील निरनिराळ्या जागांची तुलना करा. सगळीकडे १४ आणि खिडकीच्या एका कोपऱ्यात २८ असेल, तर तो कोपरा उघडायचा आहे. नंतर जमिनीवर अनवाणी चालून पाहा. जेथे पाय किंचित दबतो तेथे प्लायवुडचे थर सुटले आहेत.

४. हंगाम, जागा आणि साहित्य

चतुर्थीनंतर पाऊस ओसरला की काम सुरू करावे आणि बाहेरचे सर्व सांधे मृग नक्षत्र लागण्यापूर्वी बंद झालेले असावेत. नवशिक्याने एवढ्या एका हंगामात सगळे काम होईल असे मानू नये. एक कोरडा हंगाम पत्रा, सांगाडा आणि छतासाठी, आणि दुसरा उरलेल्या कामासाठी, असा हिशेब ठेवला तर घाई होत नाही.

जागा छपराखालची आणि चारही बाजूंनी वारा खेळणारी हवी. माडाखाली कॅराव्हॅन कधीही उभी करू नका. नारळ तर सोडाच, वरून सुटलेली झावळीसुद्धा त्या पातळ पत्र्याला खोक पाडते.

- सागरी प्लायवुड, आयएस ७१० छापाचे. जमिनीसाठी आणि खालच्या भागांसाठी
- मुरवलेले, वाळवलेले हलके पाइन लाकूड
- बोरॅक्स-बोरिक ॲसिडचे वाळवीरोधक द्रावण
- ब्युटाइल सीलंटची पट्टी
- सागरी दर्जाचे ३१६ स्टेनलेस स्टीलचे स्क्रू
- झिंकयुक्त प्रायमर आणि इपॉक्सी रंग
- ॲक्सल स्टँड, टॉर्क पाना (नट ठरावीक जोराने आवळणारा), मल्टिमीटर

यांतील बऱ्याच वस्तूंसाठी बाहेर जावे लागत नाही. मालिम, कुठ्ठाळी, कुटबण अशा मासेमारी धक्क्यांच्या परिसरात ट्रॉलर दुरुस्त करणारे कारागीर असतात. खाऱ्या पाण्यात काय टिकते आणि काय टिकत नाही हे त्यांना मोटारीच्या गॅरेजपेक्षा अधिक कळते, म्हणून स्क्रू, रंग आणि फायबरच्या कामाबद्दल त्यांचा सल्ला घ्या.

५. पट्ट्या काढा, पत्रा उघडा, सांगाडा बदला

हा सर्वांत वेळखाऊ आणि सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. आधी प्रत्येक बाजूची छायाचित्रे काढा. मग बाजूच्या पट्टीतील प्लास्टिकची फीत ओढून काढली की खाली स्क्रूंची रांग दिसते. काही स्क्रूंभोवती पांढरी भुकटी जमलेली असेल. लोखंड आणि ॲल्युमिनियम ओलीत एकमेकांना लागून राहिले की ॲल्युमिनियम झिजते, त्याची ही खूण आहे. असे स्क्रू फिरवताच त्यांचे डोके तुटते, म्हणून आदल्या रात्री त्यांवर गंज सोडवणारे तेल सोडा आणि स्क्रूड्रायव्हर आधी किंचित घट्ट करण्याच्या दिशेने आणि मग उलटा फिरवा. पट्टी निघाली की मागे जुने सीलंट दिसते, वाळलेल्या फणसाच्या चिकासारखे काळपट आणि कडक. ते प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा, लोखंडी पात्याने नव्हे.

आतले प्लायवुड फेकू नका. कितीही कुजलेले असले तरी नवा तुकडा कापण्यासाठी तोच नमुना असतो. सांगाड्यातील पट्टी स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने दाबून पाहा. टोक सहज आत गेले तर ती पट्टी बदला, आणि कुजके टोक जेथे संपते त्यापुढे आणखी वीतभर चांगले लाकूडही कापा, कारण बुरशी दिसते त्यापुढे गेलेली असते. मात्र एकाच वेळी पूर्ण भिंत मोकळी करू नका. एक पट्टी काढावी, तिच्या जागी नवी बसवावी आणि मग पुढची हाती घ्यावी, नाहीतर गाडीचा आकारच सरकतो आणि खिडक्या बसत नाहीत.

येथे सुताराशी थोडी चर्चा अटळ आहे. चांगला सुतार मजबुतीच्या भावनेने सागवान किंवा मटीचे लाकूड सुचवेल, आणि कपाटांसाठी १८ मिलिमीटरचे प्लायवुड. घरासाठी हे उत्तम आहे. पण १८ मिलिमीटरच्या आठ बाय चारच्या एका शीटचे वजन सुमारे ३५ किलो भरते, आणि अशी चार शीट आत गेली की मोटारीच्या क्षमतेचा सगळा हिशेब बिघडतो. प्रत्येक तुकडा आत जाण्यापूर्वी काट्यावर ठेवा आणि वहीत लिहा.

नवे लाकूड बसवण्यापूर्वी त्यावर वाळवीरोधक द्रावणाचे हात द्या, आणि कापलेल्या टोकांवर विशेष लक्ष द्या. थर्माकोल परत भरताना त्याच्या मागून विजेची तार जात असेल तर ती नळीत घाला. पीव्हीसीची तार आणि थर्माकोल वर्षानुवर्षे एकमेकांना चिकटून राहिले की तारेचे आवरण खराब होते.

६. सांधे बंद करताना सिलिकॉन वापरू नका

हार्डवेअरच्या दुकानात सीलंट मागितले की प्रथम सिलिकॉनची नळी पुढे येते. सांध्यांत तिला स्थान नाही. सिलिकॉन एकदा लागले की त्याच्या उरलेल्या पातळ थरावर रंग धरत नाही, दुसरे सीलंट धरत नाही, आणि नवे सिलिकॉनसुद्धा नीट धरत नाही. व्हिनेगरसारखा वास येणाऱ्या प्रकारात ॲसिड असते आणि ते धातू खाते.

ब्युटाइलची पट्टी मऊच राहते आणि पत्रा उन्हाने प्रसरण पावला तरी सोबत हलते. पट्टीच्या मागच्या बाजूला ती सलग लावा, प्रत्येक छिद्राभोवती थोडी अधिक ठेवा, आणि स्क्रू मधल्यापासून कडांकडे टप्प्याटप्प्याने घट्ट करा. चारही कडांनी सीलंट बाहेर आले पाहिजे. जेथे आले नाही तेथे पोकळी आहे. काही दिवस उन्हात राहू द्या, स्क्रू पुन्हा एकदा हलके आवळा आणि मगच बाहेर आलेला भाग कापा. ॲक्रिलिकच्या खिडक्यांना पॉलियुरेथेन सीलंट, थिनर किंवा पेट्रोल लागू देऊ नका. त्यांवर बारीक तडे जातात आणि जुन्या आकाराची खिडकी पुन्हा मिळणे दुरापास्त असते.

७. चॅसी, ब्रेक आणि चाके

गंज काढून झिंकयुक्त प्रायमर आणि त्यावर इपॉक्सी द्या. रबर टॉर्शन प्रकारच्या ॲक्सलजवळ वेल्डिंग करू देऊ नका. नळीच्या आतले रबर उष्णतेने निकामी होते आणि ते बाहेरून दिसत नाही.

ब्रेकचे ड्रम उघडताना आतली धूळ हवेच्या झोताने उडवू नका, कारण जुन्या ब्रेक शूमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. मास्क लावा आणि ओल्या फडक्याने पुसा. बेअरिंग परदेशी आहे म्हणून मिळणार नाही, ही भीती मात्र बहुधा अनाठायी ठरते: बेअरिंगच्या कडेवर नंबर कोरलेला असतो आणि तो नंबर दाखवला की फोंडा, मडगाव किंवा म्हापशातील बेअरिंगच्या दुकानात पर्याय मिळण्याची शक्यता चांगली असते. नंबर झिजला असेल तर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी मोजून न्या.

टायरची नक्षी पाहून समाधान मानू नका. कॅराव्हॅनचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. कडेवर चार आकडे असतात; २३१८ म्हणजे २०१८ चा २३ वा आठवडा. पाच-सहा वर्षांहून जुना टायर कितीही नवा दिसला तरी बदला, आणि नवा घेताना त्याचा भार निर्देशांक गाडीच्या पूर्ण वजनाला पुरेल असा घ्या.

८. वीज आणि गॅस

जुन्या गाड्यांच्या सात पिनांच्या प्लगची वाटणी सहसा ठरलेली असते: पिवळी तार डाव्या इंडिकेटरची, हिरवी उजव्या इंडिकेटरची, पांढरी अर्थची, तांबडी ब्रेक दिव्याची, तपकिरी उजव्या आणि काळी डाव्या मागच्या दिव्याची. तरीही आधीच्या मालकाने काय जोडले असेल याचा नेम नाही, म्हणून प्रत्येक तार मल्टिमीटरने तपासा. नव्या मोटारींत संगणकाने चालणारे दिवे असतात. त्यांची तार कापून सरळ जोड देऊ नका, बायपास रिले, म्हणजे ट्रेलरच्या दिव्यांना वेगळी वीज देणारा जोड, बसवा. घरातून २३० व्होल्टची जोडणी देणार असाल तर ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) आणि चॅसीला पक्के अर्थिंग या दोन गोष्टींवर तडजोड नको. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या.

गॅसच्या बाबतीत माझा सल्ला कठोर आहे: जुनी शेगडी, जुना हीटर आणि जुनी गॅसची नळी, सगळे काढून टाका. शोभेसाठी ठेवायचे असेल तर गॅसला न जोडता ठेवा. आयएसआय छापाची नवी छोटी शेगडी, प्रमाणित सुरक्षा नळी आणि ५ किलोचा सिलिंडर पुरेसा होतो. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळलेला वायू जमिनीलगत साठतो, आणि म्हणूनच या गाड्यांच्या तळाला मुद्दाम भोके ठेवलेली असतात. मुंग्या येतात म्हणून ती बुजवू नका. बारीक स्टीलची जाळी लावा. प्रवासात सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद ठेवा आणि प्रत्येक हंगामात सांध्यांवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहा. उंदरांना नळी कुरतडायला आवडते, हेही लक्षात असू द्या.

९. आतले काम

येथवर आल्यावर रंग, पडदे आणि गाद्या यांबद्दल माझ्याकडे सांगण्यासारखे फारसे नाही. गादीखाली पूर्ण फळीऐवजी फटी असलेल्या पट्ट्या ठेवा, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात गादीला खालून बुरशी येते.

१०. पावसाळ्यासाठी ठेवणे

ताडपत्रीने घट्ट गुंडाळून ठेवणे ही सर्वांत सामान्य चूक आहे. ताडपत्रीखाली हवा कोंडते आणि पत्र्याला आतून घाम सुटतो. पत्र्याचे किंवा पॉलिकार्बोनेटचे बाजूंनी उघडे छप्पर उत्तम. मे महिन्यात पुढील कामे करा: गोड्या पाण्याने तळ धुवा, जोडणीजवळच्या छोट्या चाकाने पुढची बाजू किंचित खाली करून छतावर पाणी साचणार नाही असा उतार द्या, चाकांना लाकडी ठोकळे लावून हँडब्रेक मोकळा सोडा (ओढलेला ठेवल्यास ब्रेक शू ड्रमला धरतात), बॅटरी काढून घरात आणा आणि दर महिन्याला चार्ज करा. कपाटांची दारे उघडी ठेवा, गाद्या उभ्या ठेवा, कायमची वायुछिद्रे बंद करू नका. ओल शोषणारे कॅल्शियम क्लोराइडचे डबे ठेवले तर ते भरले की ओता.

वाळवी चिऱ्यांच्या जमिनीतून ॲक्सल स्टँडवरून मातीची नळी बांधत वर चढते. दर आठवड्याला टॉर्च घेऊन स्टँड आणि चाके पाहा; बोटभर लांबीची नळी दिसली तरी ती मोडून जमिनीत औषध टाका.

११. पहिला प्रवास

पहिल्याच फेरीत चोर्ला किंवा अनमोड घाट नको. सपाट, ओळखीचा रस्ता घ्या, आणि निघण्यापूर्वी पूर्ण भरलेली गाडी वजनकाट्यावर नेऊन खरा आकडा पाहा. कलम ६१ नुसार ओढणाऱ्या मोटारीचा नंबर ट्रेलरच्या मागे दिसला पाहिजे, त्याची पाटी आधीच करून घ्या. फेरीबोटीचा उतार भरती-ओहोटीप्रमाणे बदलतो आणि लांब शेपटीची गाडी ओहोटीच्या वेळी तेथे मागून घासते, म्हणून शक्य तेथे पुलाचा रस्ता धरा. समुद्रकिनाऱ्यावर आणि पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाक करणे गोव्यात दंडनीय आहे. मुक्कामाची जागा मालकाच्या परवानगीने आधीच ठरवा.

सुमारे २० किलोमीटरनंतर थांबून दोन्ही चाकांच्या मध्यभागाजवळ हात न्या. एक बाजू दुसरीपेक्षा स्पष्टपणे गरम असेल तर तेथील बेअरिंग फार घट्ट आहे किंवा ब्रेक धरतो आहे, आणि पुढे न जाता ते दुरुस्त करावे लागेल. ५० किलोमीटरनंतर चाकांच्या नटांना टॉर्क पाना लावून ते पुन्हा तपासा, आणि पाना त्या दिवशी गाडीतच राहू द्या.